त्रेचाळीस जणांचा एक श्रीहरी

एप्रिलमधल्या एका सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, श्रीहरी नाकाडे हे चोपन्न वर्षांचे गृहस्थ सव्वीस मुली आणि सतरा मुलगे झाले. झाले म्हणजे एकदम झाले, आणि बी.ए.च्या तिन्ही वर्षांत शिकायलाही लागले. हा चमत्कार करायला विद्यापीठाला दीड सेकंद लागला. हेच विद्यापीठ मार्कशीटवरचं आडनाव दुरुस्त करायला आठ महिने घेतं. तेव्हा तिथं काम हळू चालतं असं कोणी म्हणत असेल तर त्यानं तोंड सांभाळावं.

विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. नाव घेतलं की पासवर्ड मागतात. कॉलेज अहेरीहून जीपनं अर्ध्या तासावर, आणि श्रीहरीभाऊ त्या कॉलेजात हेडक्लार्क. मूळचे ब्रह्मपुरीकडचे, धानाच्या मुलखातले, पण बावीस वर्षं जंगलात काढलेली. ऑफिसात पंख्याखाली बसून चहाची वाट पाहत होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. 'प्रिय विद्यार्थी श्रीहरी, एक व्यक्ती एक ओळख या योजनेत तुमच्या त्रेचाळीस दुबार नोंदी यशस्वीरीत्या एकत्र केल्या आहेत. तुमचा वेळ वाचवताना आम्हाला आनंद होत आहे.'

आता चूक कोणाची यावर पुढं तीन समित्या बसू शकतात, म्हणून मी आधीच सांगून टाकतो. चूक श्रीहरीभाऊंचीच, आणि ती चांगुलपणाची होती. आपल्याकडं अशा चुकीला माफी नसते.

झालं होतं असं, की त्या भागात मोबाईल नंबर माणसाचा नसतो, हंगामाचा असतो. आठवडी बाजारात छत्री लावून सिमवाला बसतो. महिनाभर फुकट बोला, म्हणतो. लोक सिम घेतात, महिनाभर पोटभर बोलतात आणि पुढच्या बाजाराला दुसरं घेतात. जुलैत कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलेला नंबर दिवाळीपर्यंत जिवंत राहिला तर तो नवसाचा म्हणायचा. आणि विद्यापीठाचं सगळं घोडं नंबरावर अडलेलं. परीक्षेचा फॉर्म भरायचा, ओटीपी आणा. हॉल तिकीट हवं, ओटीपी आणा. ग्रंथालयातलं पुस्तक परत करायचं तरी ओटीपी, जणू पुस्तक न्यायला नव्हे, परत करायला लोक झुंबड करतात. म्हणून प्रवेशाच्या वेळी एखादं पोरगं फॉर्मवरच्या त्या रकान्याशी डोकं खाजवत थांबलं, की श्रीहरीभाऊ चष्म्यावरून बघून म्हणत, "लिही माझा."

त्यांचा नंबर एकोणीस वर्षांचा. तो त्यांनी कधी बदलला नाही आणि ही गोष्ट ते पाचव्या मिनिटाला सांगत. गावाकडच्या घरात वडिलांनी तो कोळशानं भिंतीवर लिहून ठेवला होता. म्हाताऱ्याला त्याशिवाय जगातला दुसरा एकही नंबर येत नव्हता. म्हातारा गेला, भिंत दोनदा रंगवली, तरी तेवढी जागा सोडून रंगवली. अशा माणसानं नंबर वाटावा आणि पोरांनी तो घ्यावा यात नवल ते काय. तीन वर्षांत त्रेचाळीस पोरं त्या एका नंबरावर सुखानं नांदत होती.

त्यातून श्रीहरीभाऊंचा दरबारही चांगला भरायचा. गावाबाहेर वनखात्याचा जुना नाका आहे, बंद पडलेला. त्याच्या चौथऱ्यावर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या येतात. पोरं आपापल्या गावाजवळच्या टेकडीवर चढून कोणाच्या तरी फोनवरून फोन लावत, आणि भाऊ चौथऱ्यावर उभे राहून सहा आकडे सांगत. नियम कडक होता. "एकदाच सांगीन. लिहून घे." पलीकडचं पोरगं पेन शोधायला लागलं की भाऊ आवाज चढवत, "काऊन रे, कॉलेजात शिकतं अन् पेन नाई?" पोरं त्यांना मागं ओटीपीभाऊ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि ते न ऐकल्यासारखं करत, पण ऐकायचे मात्र आवडीनं.

इकडं विद्यापीठाला शोध लागला की आपल्याकडं एकेका माणसाच्या दोन-दोन ओळखी झाल्या आहेत. मग योजना आली, दीपप्रज्वलन झालं, आणि सगळ्या कॉलेजांना ऑनलाइन प्रशिक्षण मिळालं. त्या प्रशिक्षणात सांगणाऱ्याचा आवाज बंद होता आणि ऐकणाऱ्यांचे सगळ्यांचे चालू होते, त्यामुळे एका प्राध्यापकांच्या घरी त्या दिवशी वांग्याची भाजी होती एवढंच सगळ्यांना कळलं. योजनेचं तत्त्व मात्र साधं होतं. ज्यांचा मोबाईल नंबर एक, तो माणूस एक. ज्यानं हे ठरवलं तो नाक्याच्या चौथऱ्यावर कधी उभा राहिलेला नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

श्रीहरीभाऊंनी चहा बाजूला ठेवला आणि पोर्टल उघडायला गेले. उघडेना. कर्मचारी म्हणून त्यांचं खातं बंद झालं होतं, कारण विद्यार्थ्याला कर्मचाऱ्याचे अधिकार देता येत नाहीत. कॉलेजात ही भानगड निस्तरू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो आता बी.ए.ला होता. विद्यार्थी म्हणून मात्र दार लगेच उघडलं. आत त्यांचं हॉल तिकीट तयार होतं. एकसष्ट विषय, पहिल्याच दिवशी दहा वाजता एकाच वेळी चार पेपर. फोटो त्यांचाच, मिशांसकट. ग्रंथालयाची एकशे बारा पुस्तकं नावावर थकलेली. शिवाय मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरात त्यांनी उत्तम कामगिरी केली होती, त्याचं प्रमाणपत्र.

प्राचार्यांनी ते प्रमाणपत्र दोनदा वाचलं. "नाकाडे, हे काय करून बसले तुम्ही?"

"सर, मी कुठी काय केलं. मी फक्त नंबर दिला."

"पण परीक्षा पुढच्या सोमवारी आहे. शनिवारी पाचला पोर्टल बंद होतं. या पोरांचं काय?"

पोरांचं काय, हा प्रश्न दारातच उभा होता. ललिता सुकलू तलांडी, बी.ए.चं शेवटचं वर्ष. तिच्या गावाहून कॉलेजला यायचं तर आधी नाला, मग पाऊलवाट, मग जीप. पहाटे मोहफुलं वेचून, आंघोळ करून, साडेअकराला ती हॉल तिकीट घ्यायला आली होती, आणि पोर्टल म्हणत होतं की अशी कोणी विद्यार्थिनी नाही. पंचायत समितीतल्या एका जागेसाठी तिची निवड झाली होती. कागदावर अट एकच, जूनअखेर पदवी. पेपर दिले तर नोकरी, नाही दिले तर यादीतला पुढचा माणूस टपूनच होता.

ललिता रडली नाही. तिनं विचारलं, "भाऊ, मी नाई तर मंग कोण आहे?"

"मी आहो," श्रीहरीभाऊ म्हणाले. त्यांना जन्मात एवढी लाज वाटली नव्हती.

घरी बातमी त्यांच्या आधी पोचली. दीपालीवहिनींनी जेवताना काही विचारलं नाही, त्यावरून त्यांना सगळं कळलंय हे भाऊंना कळलं. वरण वाढून झाल्यावर त्यांनी नवऱ्याचा फोन उचलला आणि ताजा आलेला मेसेज मोठ्यानं वाचला. "प्रिय विद्यार्थिनी, सातनंतर वसतिगृहाबाहेर राहणे तुम्हाला शोभत नाही." मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, "अजी, हे तं मी बावीस वर्षांपासून सांगून राह्यली."

शेजारी सोमाजी दोनाडकर. एसटीचे रिटायर्ड कंडक्टर, वय बहात्तर. त्यांना एसटीचा पास आहे आणि मत आहे, आणि दोन्ही कुठंही चालतं. ते भिंतीपलीकडून म्हणाले, "श्रीहरी, सरळ परीक्षेले बस. पास झाला तं चौघाचौघाले मार्क वाटून देजो."

"एकाच वेळेला चार पेपर आहेत, सोमाजीभाऊ."

"मंग आमी एका गाडीत नव्वद शिटा कश्या नेल्या? मनात असलं की होते."

बुधवारी श्रीहरीभाऊ विद्यापीठात निघाले. सोमाजी न सांगता सोबत आले. पास वाया जाऊ नये म्हणून ते कोणाच्याही सोबत कुठंही जातात. दोन बस बदलून विद्यापीठाच्या फाटकाशी पोचले, तर तिथल्या गार्डानं ओळखीचा कोड मागितला. भाऊंनी फोन पुढं केला. मशीन हिरवं झालं आणि गार्ड म्हणाला, "विद्यार्थी तीननंतर. पालकासोबत."

"अरे, मी हेडक्लार्क आहो. बावीस वर्षं झाली."

"मशीन विद्यार्थी सांगून राह्यली ना. पालक कुठी आहेत?"

श्रीहरीभाऊंनी मान वर केली. त्यांचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. आता हे या माणसाला सांगावं की नको, असा विचार ते करत असतानाच मागून सोमाजी खाकरले. "मी आहो. लिहा." रजिस्टरमध्ये पालकाशी नातं लिहायला शेजारी हा पर्याय नव्हता, म्हणून काका लिहिलं. आत शिरेपर्यंत सोमाजी भूमिकेत पूर्ण शिरले होते. गार्डाला थांबून म्हणाले, "पोट्टा तसा साधा आहे हो. संगत वाईट लागली." भाऊंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ओळख कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली होती. तिथं प्रणित नावाचा कंत्राटी तरुण बसला होता, डोळ्यांखाली काळं आलेला. त्यानं सगळं नीट ऐकलं. विद्यापीठात कोणी आपलं बोलणं पूर्ण ऐकल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे श्रीहरीभाऊंचा आवाज थोडा हलला. ऐकून झाल्यावर प्रणित म्हणाला, "सर, करून देतो. पण आधी तिकीट काढा."

सोमाजींचा हात सवयीनं खांद्यावरच्या नसलेल्या बॅगेकडं गेला.

तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. ती पोर्टलवरच करायची, आणि विद्यार्थ्याला एका दिवसात एकच करता येते. त्रेचाळीस तक्रारींना त्रेचाळीस दिवस. प्रणितनं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "मी आतून एकाच नोंदीवर करून देतो. कोणाला सांगू नका. सांगितलं तरी माझं काही होणार नाही म्हणा. सिस्टीममध्ये मी नाहीच."

"म्हंजे?"

"माझ्या आधी आदेश सर होते. दोन वर्षांपूर्वी सोडून गेले. माझं खातं अजून मंजूर व्हायचं आहे, तोवर मी आदेश सरच आहे. मी जे करतो ते सगळं आदेश सर करतात."

श्रीहरीभाऊ त्याच्याकडं बघतच राहिले. अख्ख्या विद्यापीठाची ओळख ठरवणाऱ्या माणसाला स्वतःची ओळख नव्हती. त्यांना एकाएकी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

रस्ता असा निघाला. प्रत्येक पोरानं स्वतःचा चालू नंबर द्यायचा. त्यावर एक ओटीपी येईल, भाऊंच्या नंबरावर दुसरा. दोन्ही प्रणितला कळवले की ते पोरगं वेगळं. याखेरीज भाऊंनी त्रेचाळीस प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायची, की मी हा विद्यार्थी नाही. जिन्याखालीच बसून त्यांनी ती लिहिली. 'मी, श्रीहरी लहानुजी नाकाडे, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी ललिता सुकलू तलांडी नाही, पूर्वी कधी नव्हतो आणि यापुढे होणार नाही.' विसाव्या कागदावर त्यांना आपण नक्की कोण याचीच शंका यायला लागली. पालक म्हणून प्रत्येक कागदावर सोमाजींनी सही केली आणि दर सहीला एक उपदेश केला.

परत येईपर्यंत गुरुवार उजाडला, आणि पोरं होती जंगलात. मोहफुलाचा हंगाम, अख्खं घर पहाटेपासून झाडाखाली. त्रेचाळीस पोरं बावीस गावांत, आणि कोणाचाच नंबर खरा नाही. श्रीहरीभाऊ नाक्याच्या चौथऱ्यावर बसून रजिस्टर उलटत, सापडेल तो जुना नंबर लावून बघत होते. ललिता समोर उभी राहून ते बघत होती.

"भाऊ, फोन काऊन लावून राह्यले? उद्या बाजार आहे ना."

"मंग?"

"बाजाराले सगळेच येतात. मी आजच निरोप धाडतो. इतवारीबाई जाते त्या बाजूनं, दसरूदादा नाल्याकडून जाते." आणि तिनं पाच माणसं पाच वाटांना लावली. विद्यापीठाला तीन वर्षांत जमलं नव्हतं ते पायी चालणाऱ्या पाच माणसांनी संध्याकाळपर्यंत केलं.

शुक्रवारी बाजार भरला. विक्की सिमवाल्यानं आपली छत्री उचलून थेट नाक्याच्या चौथऱ्यावर आणली. एका दिवसात बेचाळीस सिम विकली जाताना बघून तो इतका हळवा झाला, की त्यानं आपले दोन्ही फोन वापरायला दिले. कारण सिम होती पण घरचा फोन घरीच, अशी निम्मी पोरं होती. एक सिम टाकायचं, ओटीपी यायची वाट बघायची, काढायचं, दुसरं टाकायचं. ललिता रजिस्टर धरून नावं पुकारत होती. श्रीहरीभाऊ आपल्या नंबरावरचा ओटीपी वाचत होते आणि पलीकडं प्रणित, म्हणजे आदेश, बटणं दाबत होता. अर्ध्या बाजाराला वाटलं की सरकार काहीतरी फुकट वाटतंय. सात म्हाताऱ्या रांगेत लागल्या, त्यातल्या दोघींनी ओटीपी मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणून सांगितलं.

शुक्रवारी एकोणतीस जण सुटले. सर्व्हर दुपारी जेवायला गेला तो चारला आला. शनिवारी उरलेले तेरा. प्रत्येक वेळी ललिता म्हणायची, "याचं गाव लांब आहे, याले आधी घ्या, जीप जाईन." असं करत शनिवारी चार वाजता बेचाळीस पोरं हॉल तिकिटं घेऊन आपापल्या वाटेला लागली. चौथऱ्यावर राहिले भाऊ, ललिता, विक्की आणि त्याची छत्री.

भाऊ फोनवर म्हणाले, "हं प्रणितसर, आता शेवटची. ललिता सुकलू तलांडी."

पलीकडं बराच वेळ बटणांचा आवाज येत राहिला. मग प्रणित म्हणाला, "सर, हिला काढता येत नाही. खातं रिकामं होतंय."

"होऊ द्या ना रिकामं. मी आहो ना त्यात."

"तुम्ही विद्यार्थी नाही. खातं विद्यार्थ्याचं आहे, त्यात एक तरी विद्यार्थी राहिलाच पाहिजे. आणि तुम्ही विद्यार्थी नाही असं तुम्हीच त्रेचाळीस वेळा लिहून दिलंय."

"मंग आता?"

"ती आत राहील, तुम्हाला बाहेर काढतो. खातं तिचं होईल, आणि त्याच्यासोबत तुमचा नंबरही तिचा. परीक्षेला गेटवर रोज ओटीपी मागणार आहेत, तो याच नंबरावर येईल. सिम तिच्याजवळ पाहिजे. तुमचं नवीन खातं मागाहून उघडू."

"मागाहून म्हंजे कधी?"

"तुम्ही विनंती केली की."

"अन् विनंती कुठी करायची?"

प्रणितचा आवाज ओशाळला. "लॉगिन करून."

"दुसरा काही रस्ता?"

"पुरवणी परीक्षा. ऑक्टोबरात."

फोनचा आवाज मोठा होता, ललितानं सगळं ऐकलं. रजिस्टर मिटून ती म्हणाली, "राहू द्या भाऊ. तुमचा नंबर जुना आहे. मी ऑक्टोबरात बसीन." जूनची अट तिनं काढली नाही. तीच जर तिनं बोलून दाखवली असती, चार शब्द सुनावले असते, तर भाऊंना जरा सोपं गेलं असतं.

पाचला वीस मिनिटं होती. श्रीहरीभाऊंच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगायला नको, पण सांगतो, कारण माणूस थोर नव्हता आणि त्याला थोर करून मला काही मिळायचं नाही. त्यांना वाटलं, बेचाळीस सोडवली, एक राहिली तर कोण विचारणार आहे. त्यांना साडूचा मुलगा आठवला, ज्याच्याकडं हाच नंबर आहे. देवळाच्या कमिटीच्या पावत्या आठवल्या, त्यांवरही हाच छापलेला. शेवटी भिंतीवरचा कोळसा आठवला, आणि वाईट वाटलं. मग ललिताच्या हातातल्या रजिस्टरकडं लक्ष गेलं. तिचं नाव यादीत दुसरं होतं. दोन दिवस तिनं त्याला बोट लावलं नव्हतं.

"विक्की, ते टाचणी दे," भाऊ म्हणाले.

सिम निघता निघेना. एकोणीस वर्षांत तेही बसल्या जागी मुरलं होतं. निघालं तेव्हा भाऊंनी ते तळहातावर धरलं आणि कोणीतरी 'असं करू नका भाऊ' म्हणेल म्हणून थोडा वेळ थांबले. कोणी म्हणालं नाही. ललितानं दोन्ही हातांनी सिम घेतलं. विक्कीनं छत्रीखालून एक नवं सिम पुढं केलं. "घ्या भाऊ, महिनाभर फुकट."

पाचला सात मिनिटं असताना ललिता सुकलू तलांडी या नावाचं हॉल तिकीट निघालं. नाव तिचं, विषय तिचे, फोटो श्रीहरीभाऊंचा. फोटो बदलायला पंचेचाळीस दिवस लागतात.

सोमवारी परीक्षेच्या गेटवर पर्यवेक्षकानं ओटीपी जुळवला, मग फोटो बघितला, मग ललिताला बघितलं. "या मिशा कोणाच्या?"

"माझ्या," बाजूला उभे असलेले श्रीहरीभाऊ म्हणाले. "पोरगी ही, फोटो मी. दोघंही हजर आहो." पर्यवेक्षकानं नियमपुस्तक चाळलं. फोटोतली व्यक्ती केंद्रावर हजर हवी असं त्यात होतं. तीच व्यक्ती पेपर लिहील असं लिहायचं राहून गेलं होतं, कारण एवढं सगळ्यांना कळतं असं नियम लिहिणारे समजून चालले होते. ललिता आत गेली आणि फोटो बाहेर बाकावर बसला. असे सहा पेपर, रोज तीन तास, एप्रिलच्या उन्हात. चौथ्या दिवशी दीपालीवहिनींनी ताकाची बाटली पाठवली आणि निरोप दिला की अभ्यास नीट करा.

ललिता पास झाली आणि जूनमध्ये पंचायत समितीत रुजूही झाली. श्रीहरीभाऊ मात्र कुठंच नव्हते. रोज ऑफिसात येत, मशीनसमोर उभे राहत आणि मशीन म्हणे, व्यक्ती आढळली नाही. नवा नंबर महिना संपल्यावर बंद पडला. त्यांनी पुढच्या बाजारी दुसरा घेतला, मग तिसरा. सोमाजींनी सल्ला दिला की जिथं नाव नाही तिथं काम करू नये, आणि तो सल्ला त्यांनी रोज दिला.

मग नवे प्रवेश सुरू झाले. हेडक्लार्काशिवाय पोर्टल उघडेना, तेव्हा कुठं विद्यापीठाला भाऊंची गरज लागली. प्रणितनं, जो अजूनही आदेशच होता, आतून त्यांचं नवीन खातं तयार केलं आणि फोन केला. "सर, झालं. फक्त जुन्या नंबरावर ओटीपी गेलाय. तेवढा कळवा. दहा मिनिटं आहेत."

श्रीहरीभाऊ ऑफिसातून निघाले ते धापा टाकत नाक्यावर चढले, दोन काड्या शोधल्या आणि स्वतःचाच नंबर फिरवला. तो त्यांना झोपेतही येत होता.

"कोण बोलते?" ललिताचा आवाज. मागं बरीच माणसं बोलत होती.

"मी श्रीहरी."

"कोणते श्रीहरी?"

"ओटीपीवाला."

"हाव का, भाऊ. थांबा जरासाक, लाईन आहे." तिनं आधी कोणाला तरी घरकुलाचा आणि कोणाला तरी रेशनचा आकडा सांगितला. त्या लोकांच्या फॉर्मवर कोणाचा नंबर होता हे भाऊंनी विचारलं नाही. मग ती फोनवर आली. "हं भाऊ, आला आहे. एकदाच सांगतो, लिहून घ्या."

भाऊंनी खिसा चाचपला. मग दुसरा चाचपला. पेन टेबलावर राहिलं होतं, प्रवेशाच्या फॉर्मांवर.

"थांब बाई, जरा पेन पाह्यतो."

मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात ललिता म्हणाली, "काऊन भाऊ, कॉलेजात नोकरी करता अन् पेन नाई?"

नाक्याच्या कोपऱ्यात कोणीतरी चूल मांडली होती. श्रीहरीभाऊंनी तिच्यातला एक कोळसा उचलला, भिंतीशी उभे राहिले आणि म्हणाले, "सांग."